यूएससी की एनवाययू? मनोरंजनाचा धंदा शिकायला कुठे जावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावीनंतर एका मुलीला अमेरिकेतून दोन होकार आले आहेत. एक लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूएससीचा. तिथे मार्शल बिझनेस स्कूल आणि सिनेमॅटिक आर्ट्स स्कूल मिळून ‘बिझनेस ऑफ सिनेमॅटिक आर्ट्स’ हा अभ्यासक्रम चालवतात. दुसरा न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एनवाययूच्या, स्टर्न बिझनेस स्कूलचा. तिथे बिझनेसची बीएस आणि जोडीला एंटरटेनमेंट, मीडिया आणि टेक्नॉलॉजीचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घ्यायचा विचार आहे. तिला ‘सिनेमा, किंवा संगीत, कदाचित नाटकसुद्धा’ यांत पडद्यामागचं, पैशाच्या बाजूचं काम करायचंय. घरचे काही रक्कम देतील, पण एक कोटीच्या आसपास कर्ज काढावं लागेल. नोकरी काही वर्षं तरी अमेरिकेतच करायची आहे.

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. तुझ्या जागी मी असते तर न्यूयॉर्कला गेले असते. यूएससीचा कोर्स उणा आहे म्हणून नव्हे. निव्वळ सिनेमाच्या धंद्याचं शिक्षण म्हटलं तर तो मला जास्त नेमका वाटतो. पण तुझ्या प्रश्नात कर्ज आहे, व्हिसा आहे आणि ‘किंवा’ आणि ‘कदाचित’ आहेत. यातली एखादी गोष्ट नसती तर मी दुसरं उत्तर दिलं असतं. ते कधी, हेही पुढे सांगते.

मी लॉस एंजेलिसमध्ये स्वतंत्र निर्मात्यांच्या चित्रपटांचे वितरणाचे करार आणि त्यांचे हिशेब बघते. दोन्ही विद्यापीठांची मुलं आमच्याकडे इंटर्न म्हणून येतात, त्यामुळे मी दोन्हीकडचा माल पाहिलेला आहे. रँकिंगबद्दल काहीच बोलत नाही. इथे नोकरी देताना ते कुणी उघडून बघत नाही.

पैशाच्या बाजूचं काम म्हणजे नेमकं काय, ते आधी डोळ्यांसमोर आण. समजा एक चित्रपट 50 लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि अमेरिकेतल्या थिएटरांत त्याची 1 कोटी 20 लाखांची तिकिटं खपली. बातमी येते की खर्चाच्या दुपटीहून जास्त गल्ला जमला, चित्रपट हिट. आता आमच्या टेबलावरचा कागद बघ. थिएटरवाले ढोबळमानाने निम्मे ठेवतात, राहिले 60 लाख. वितरकाची फी करारात 30 टक्के लिहिली असेल तर 18 लाख गेले, राहिले 42. जाहिरात आणि प्रदर्शनाचा खर्च वितरकाने आधीच केलेला असतो, तो 30 लाख धर. राहिले 12 लाख. म्हणजे 50 लाख घातलेल्या चित्रपटाकडे थिएटरातून परत आले 12. त्यातून आधी कर्ज देणारी बँक, मग गुंतवणूकदाराची मुद्दल आणि वर बहुधा 20 टक्के, आणि त्यानंतर काही उरलं तर निर्माता, दिग्दर्शक, कलाकार यांच्या वाट्याची गोष्ट. ओटीटी, टीव्ही आणि परदेशी विक्रीचे पैसे आले की आकडे बदलतात, रांग सहसा तीच राहते.

आता याच कागदातली एकच ओळ बदलून बघ. वितरकाची फी पूर्ण 60 लाखांवर न धरता खर्च वजा जाता उरलेल्या 30 लाखांवर धरली, तर ती 9 लाख होते आणि चित्रपटाच्या हातात 12 ऐवजी 21 लाख पडतात. चित्रपट तोच, प्रेक्षक तेवढेच, करारातला एक शब्दप्रयोग वेगळा. आमचं अर्धं आयुष्य अशा ओळींवर वाद घालण्यात जातं. हे ऐकून तुला मजा वाटली असेल तर तू या कामाची आहेस. कंटाळा आला असेल तर दोन्ही विद्यापीठांचा फेरविचार कर, आणि हे मी चिडवायला म्हणत नाही.

हा कागद वाचायला सिनेमाचं प्रेम लागत नाही. त्याला अकाउंटिंग लागतं, थोडं करारांचं कायदेज्ञान लागतं आणि एक्सेलवर हात बसलेला लागतो. चांगला चित्रपट कोणता हे ओळखणारी मुलं आमच्याकडे ढिगाने येतात. उद्या आलेले पैसे आणि तीन वर्षांनी येणारे पैसे यांची किंमत सारखी नसते, हे आपणहून लक्षात घेऊन तक्ता मांडणारी फार थोडी.

यूएससीकडे काय आहे? सिनेमाचं स्कूल 1929 साली थेट ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या सहकार्याने सुरू झालं, जॉर्ज लुकास तिथलाच आणि 2006 मध्ये त्याच्या संस्थेने स्कूलला साडेसतरा कोटी डॉलर दिले. हे तुला माहीत असेलच. मला महत्त्वाचं वाटतं ते तिथल्या बिझनेसच्या मुलांचं बाकीच्यांशी असलेलं शेजारपण. तुझ्याच वयाचे होऊ घातलेले दिग्दर्शक, लेखक, संकलक रोज भेटतात. त्यांच्या लघुपटांची बजेटं तू करतेस, आणि दहा वर्षांनी त्यातलेच दोघंतिघं कुणीतरी झालेले असतात. शिकवायलाही संध्याकाळी स्टुडिओतून सुटून आलेली माणसं असतात. माजी विद्यार्थ्यांचं जाळं तर इतकं घट्ट आहे की त्याचा बाहेरच्यांना थोडा त्रासच होतो. मार्व्हल स्टुडिओज चालवणारा केव्हिन फायगी याच विद्यापीठाचा. सिनेमाच्या स्कूलने त्याला आधी पाच वेळा नाकारलं होतं. शिकतानाच तो निर्माती लॉरेन शुलर डॉनर यांच्या ऑफिसात इंटर्न होता आणि पुढची सगळी वाट तिथून निघाली. अशी वाट लॉस एंजेलिसमध्ये जास्त सहज सापडते.

आणि ती वाट कशी असते ते ऐक. कलाकारांना कामं मिळवून देणारी एजन्सी, निर्मितीसंस्था किंवा स्टुडिओ, शिडीची पहिली पायरी बहुतेक ठिकाणी एकच: असिस्टंट. कुणातरी मोठ्या माणसाच्या केबिनबाहेर बसायचं, हेडसेट लावून त्याचे सगळे फोन जोडायचे आणि मुकाट्याने ऐकायचे, कुणाला उलट फोन करायचा राहिलाय त्याची यादी अद्ययावत ठेवायची. रात्री घरी पटकथा वाचून कव्हरेज लिहायचं: वर एका ओळीत गोष्ट, खाली पानभर कथासार, मग तुझं मत, आणि शेवटी तीनपैकी एक शेरा, नको, बघू, घ्या. सौदा कसा ठरतो, कोण कुठे थाप मारतं, कुणाची किंमत कशी वाढते, हे त्या हेडसेटवर जेवढं कळतं तेवढं कुठल्याच वर्गात कळत नाही. बॅरी डिलर, डेव्हिड गेफन यांच्यासारखे पुढे स्टुडिओ आणि संगीतकंपन्या चालवणारे लोक विल्यम मॉरिस एजन्सीच्या टपालखोलीतून वर आले ते असेच. मी या पद्धतीची चाहती नाही. दोनतीन वर्षं तुटपुंज्या पगारावर राबवून घेणं म्हणजे ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनाच आत घेणं. पण पद्धत आहे ती अशी आहे.

तुझी अडचण इथेच सुरू होते, आणि ती अमेरिकन मुलांना नसल्यामुळे त्यांच्यासाठी लिहिलेल्या सल्ल्यांत सापडणार नाही.

पदवीनंतर तुला विद्यार्थी व्हिसावरच, ओपीटी नावाच्या परवानगीवर, 12 महिने काम करता येतं. काम तुझ्या विषयाशी संबंधित हवं आणि त्या काळात सगळे मिळून 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पदवी स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित, या यादीत बसत असेल तर आणखी 24 महिने मिळतात. ते ठरतं आय-20 वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, छापलेल्या सीआयपी कोडवरून, म्हणजे विषयाच्या सरकारी क्रमांकावरून. कोर्सच्या नावात टेक्नॉलॉजी आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि मायनरचा तर अजिबात नाही, मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, कोड बघतात. त्यानंतर एच-1बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. वर्षाला 65 हजार अधिक अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी 20 हजार, मार्चमध्ये नोंदणी आणि सोडत. आता सोडतीत जास्त वेतनश्रेणीच्या अर्जांना जास्त संधी देणारा नियमही आला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली तेव्हा घबराट उडाली होती. अमेरिकेत राहूनच विद्यार्थी व्हिसावरून बदल करून घेणाऱ्यांना ती लागू नाही, असा खुलासा नंतर झाला. पण चार वर्षांत असे आणखी दोनचार धक्के बसतील असं धरूनच चाल.

सोडतीत नाव लागलं तरी एक अट उरते. ते पद असं हवं की त्यासाठी विशिष्ट विषयातली पदवी लागतेच. आता सांग, फोन जोडणारी, यादी ठेवणारी असिस्टंट यात कशी बसणार? त्या खुर्चीत इतिहासाची पदवीधर बसते, नाटकाची बसते, पदवी नसलेलाही बसतो. वकील प्रयत्न करतात, पण केस मुळातच लंगडी, आणि पगार कमी म्हणजे सोडतीतही मागे. उलट फायनान्शियल अॅनालिस्ट, ऑडिट, डेटा अॅनालिटिक्स अशा पदांचं कागदावर बरं जमतं. नुसतं ‘बिझनेस’ असं मोघम नाव असलेली पदवीही या तपासणीत कमी पडू शकते. म्हणून स्टर्नला गेलीस तर कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे बीएसमधला खास विषय, फायनान्स किंवा अकाउंटिंग घे आणि मनोरंजन मायनरमध्ये राहू दे. क्रम उलटा करू नकोस.

थोडक्यात, लॉस एंजेलिसची सगळ्यात चांगली शाळा म्हणजे ती असिस्टंटची खुर्ची, आणि पदवी स्टेम नसेल तर तुझ्या व्हिसावर ती खुर्ची फार तर वर्षभर टिकते. पिकायला तीन वर्षं लागतात.

कर्जाचं गणितही मांडून बघूया. दोन्हीकडचा राहण्याजेवणासकट खर्च वर्षाला 90 हजार डॉलरच्या वर जातो, चार वर्षांचे तीन कोटी रुपयांहून जास्त. त्यामुळे खर्चाच्या मुद्द्यावर निवड होत नाही, शिष्यवृत्ती कोण किती देतं एवढाच फरक. तुझं कर्ज एक कोटी, व्याज 10 टक्के, मुदत 10 वर्षं धरली तर हप्ता महिना सुमारे 1 लाख 32 हजार, म्हणजे दीड हजार डॉलर. शिकताना साचलेलं व्याज मुद्दलात मिळवलं तर त्याहून जास्त. असिस्टंटला तासाला 20 ते 25 डॉलर मिळतात. 22 धरले तर महिन्याला 3,800, कर जाऊन हातात तीन हजारांच्या थोडे वर. निम्मा पगार हप्त्यात गेला. उरलेल्यात दोघीतिघींत मिळून घेतलेल्या घराचं भाडं आणि गाडीचा विमा भागवला की जेवायला काय उरतं ते तूच बघ. न्यूयॉर्कमधल्या बँकेत किंवा मोठ्या मीडिया कंपनीच्या फायनान्स विभागात स्टर्नच्या मुलांना पहिल्या वर्षी मिळणारा पगार याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. आधी पोटोबा मग विठोबा, हे कर्ज काढून शिकणाऱ्याला लागू आहेच.

बरं, न्यूयॉर्क म्हणजे मनोरंजनाला मुकणं, असं मुळीच नाही. तू संगीत म्हणालीस. वॉर्नर म्युझिक आणि सोनी म्युझिक यांची मुख्यालयं न्यूयॉर्कमध्येच आहेत. तू नाटक म्हणालीस. ब्रॉडवेची 41 थिएटरं तिथे आहेत, 2024-25 च्या हंगामात त्यांची तिकीटविक्री 189 कोटी डॉलर झाली, आणि नाटकाचा पैसा उभा करण्याची पद्धत सिनेमाहून वेगळी आणि शिकण्यासारखी आहे. तिथे दर आठवड्याचा चालू खर्च निघतो की नाही यावर प्रयोग चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरतं. सिनेमात हा प्रश्नच येत नाही, कारण खर्च होऊन गेलेला असतो. टीव्हीच्या जाहिरातींचे मोठे सौदे जिथे सुरू होतात ते मे महिन्यातले कार्यक्रमही न्यूयॉर्कचेच. वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या वेस्ट फोर्थ स्टेशनवरून भुयारी रेल्वेची बी किंवा डी गाडी धरली की तिसरं स्टेशन रॉकफेलर सेंटर, वर एनबीसी ही टीव्ही कंपनी. सकाळचा वर्ग करून दुपारी इंटर्नशिपला जाता येतं, ते या अंतरामुळे. लॉस एंजेलिसमध्ये यूएससीहून मेट्रोच्या ई लाइनने कल्व्हर सिटी गाठता येते, सोनीचा स्टुडिओ तिथेच आहे. पण बरबँकला, म्हणजे डिस्ने आणि वॉर्नरकडे, बसरेल्वेने जाऊन वर्गाला वेळेत परत येणं हे रोजचं काम नव्हे. गाडी लागतेच.

इंटर्नशिपबद्दल एक बारीक नियम लक्षात ठेव. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पहिलं पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्याशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. त्यानंतर सीपीटी, म्हणजे शिकतानाच बाहेर काम करायचा परवाना मिळतो, तोही इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असेल तरच. पूर्णवेळ सीपीटी 12 महिने किंवा जास्त झाला तर त्या पदवीवरची ओपीटी गेली. उन्हाळ्यात पूर्णवेळ आणि सत्रात अर्धवेळ, असं धरलं तर धोका नाही. पण हिशेब स्वतः ठेव.

आणि एनवाययूची आणखी एक सोय आहे, ती बरेच जण बघतच नाहीत: लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा स्वतःचा कार्यक्रम आहे. वरच्या वर्षात एक सत्र तिथे राहून वर्ग आणि इंटर्नशिप दोन्ही करता येतं. तेवढ्यात हेडसेट कानाला लावून बघ. आवडलं तर आवडलं. ब्रॉडवे आणि संगीतकंपन्यांसाठी यूएससीतून अशी उलटी सोय इतकी सरळ नाही. स्टर्न आणि एनवाययूचंच टिश हे कलांचं स्कूल मिळून बीएस आणि बीएफए (कलेची पदवी) अशी दुहेरी पदवीही देतात, पण ती पाच वर्षांची. कर्जाच्या पैशाने पाचवं वर्ष नको.

स्टर्नची कमजोरीही सांगायला हवी. मायनर हा मायनरच असतो. वर्गात आजूबाजूला बसलेल्या बहुतेकांना गुंतवणूक बँकेत जायचं असतं, दुसऱ्या वर्षापासून सगळे सूट घालून मुलाखतींच्या तयारीला लागतात आणि त्या लाटेत सिनेमा, संगीत सगळं कुठल्या कुठे वाहून जातं. टिशची मुलं दोनचार इमारतींपलीकडेच असतात, पण ती आपणहून तुझ्याकडे येणार नाहीत. यूएससीत जे शेजारपण आयतं मिळतं ते इथे तुला कमवावं लागेल. पहिल्याच सत्रात टिशच्या एखाद्या लघुपटाचं बजेट सांभाळायला घे. हिशेब ठेवायला कुणी तयार नसतं, त्यामुळे नाही म्हणणार नाहीत.

‘हॉलिवूड संपत चाललंय, म्हणून लॉस एंजेलिस नको’ असं कुणी सांगितलं तर मात्र ते ऐकू नकोस. 2023 मध्ये लेखकांचा संप 148 दिवस चालला, नटांचा 118, आणि त्यानंतर तिथलं चित्रीकरण पूर्वीसारखं भरलं नाही हे खरं. कॅलिफोर्नियाने 2025 मध्ये करसवलतीची वार्षिक रक्कम 33 कोटींवरून 75 कोटी डॉलरवर नेली ती त्यामुळेच, आणि न्यूयॉर्कनेही त्याच वर्षी आपली 80 कोटींवर नेली. पण जॉर्जियाला, कॅनडाला, ब्रिटनला गेलंय ते चित्रीकरण. सुतार, लाइटवाले, मेकअपवाले यांच्या पोटावर पाय आला. सौद्यांची टेबलं होती तिथेच आहेत, आणि तुला टेबलावरचं काम करायचंय.

आता, यूएससी कधी? कर्ज नसेल किंवा वीसतीस लाखांत भागत असेल. किंवा यूएससीने मोठी शिष्यवृत्ती दिली असेल. किंवा पदवीनंतर वर्षभर काम करून भारतात परतायचं पक्कं असेल, कारण मग एच-1बीचा प्रश्नच मिटतो आणि तिथली ओळखपाळख मुंबईत बसूनही कामाला येते. आणि मुख्य म्हणजे संगीत, नाटक वगैरे सोडून ‘सिनेमाच’ असं तुझं ठरलेलं असेल तर. यातल्या दोन गोष्टी जरी लागू होत असतील तर डोळे मिटून लॉस एंजेलिसची पिशवी भर, मी अडवणार नाही.

डिपॉझिटची मुदत साधारण 1 मे असते. त्याआधी दोन्हीकडच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयांना मेल कर आणि विचार: माझ्या मेजरचा सीआयपी कोड काय, तो स्टेममध्ये आहे का, आणि कॉन्सन्ट्रेशन बदललं तर कोड बदलतो का. उत्तर लेखी घे. मग दोन्ही कोर्सांच्या प्रमुखांना विचार की गेल्या तीन वर्षांतल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जण ओपीटी संपल्यावरही अमेरिकेत नोकरीत आहेत आणि कुठल्या पदांवर. ‘आमचे माजी विद्यार्थी सगळ्या मोठ्या स्टुडिओंत आहेत’ असं छापील उत्तर आलं तर परत विचार, ‘परदेशी’ हा शब्द अधोरेखित करून. यूएससीला खास विचार की मार्शलचं फायनान्स किंवा अकाउंटिंग याच पदवीत किती खोलवर घेता येतं. स्टर्नला विचार की मायनरच्या वर्गांत जागा मिळते का, की टिशची मुलं आधी भरतात. यूएससीचा कोड स्टेम निघाला आणि स्टर्नचा नाही, तर माझं वरचं उत्तर तसंच घेऊ नकोस, तीन वर्षं आणि एक वर्ष यांत फार फरक आहे. त्यांची उत्तरं आली की इथेच लिही, आकडे पुन्हा मांडून बघू.